दावा

डिचोलीच्या बसस्टँडमागे माझं झेरॉक्सचं दुकान.
दोन यंत्रं. एक चालतं,
दुसऱ्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवतो.
इथे एक-चौदाचे उतारे येतात, जन्मदाखले येतात,
पोर्तुगीज पासपोर्टासाठी आजोबांच्या बाप्तिस्म्याचे कागद,
इतके पिवळे, की काचेवर ठेवताना
मी श्वास धरतो.

शाणू गावस आला तो कागदाशिवाय.
नुसता फोन पुढे केला,
पोराचं खरचटलेलं ढोपर दाखवावं तसा.
'कितें म्हणटा तें?'

मी वाचलं.
चवथीच्या रात्री त्याने चढवलेला व्हिडिओ,
सात मिनिटांची सुंवारी, माटोळीखाली,
मांडीवर घुमट, शामेळ मेहुण्याकडे, कासाळे पुतणीकडे,
मागे कोणीतरी विचारतंय नेवऱ्या संपल्या काय.
बंद करण्यात आला आहे.
या आवाजावर दुसऱ्याचा हक्क आहे.

'कोणाचा?'
'कंपनी आहे एक.'
'डिचोलीची?'
'नाही.'
'मग सत्तरीची असेल.'

आक्षेपाचा अर्ज उघडला.
आपण कोण: मालक, परवानाधारक, प्रतिनिधी, इतर.
निर्मितीची तारीख: लाल तारा, म्हणजे सक्ती.
शाणू बोटांवर मोजत बसला.
त्याला बापाने शिकवलं ते खाणी धडधडत होत्या तेव्हा,
बापाला मावशीच्या नवऱ्याने,
त्याला कोणी ते मावशीलाही ठाऊक नव्हतं.
तेव्हा घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं,
आता कायद्याने बकरीचं.
'बकरीचं लिहायचं?'
तसा रकाना नव्हता.

मग मी दावेदाराचा तुकडा लावला.
तळाशी पोटात घुमणारा बास, वर कसलंसं धुकं,
आणि मधोमध घुमट.
शाणूने डोळे मिटले.
दुकानात दोन गिऱ्हाइकं वाढली, त्याने उघडले नाहीत.
'हो हांवच,' म्हणाला.

तिसऱ्या ठोक्याला डावा हात किंचित उशिरा येतो,
त्या वर्षी टिपरच्या दारात करंगळी सापडली होती.
हरमलच्या किनाऱ्यावर एक पाहुणा,
मांजरासारखा केसाळ माइक घेतलेला,
त्याने पाचशे रुपये दिले, तळलेला इसवण दिला,
आणि रात्रभर मान हलवत ऐकलं.
'बरं वाटलेलं रे. कोणी इतकं ऐकत नाही.'
पुढे तो आवाज कापून, पुड्या बांधून
कुठे कुठे विकला गेला,
हे आम्हाला आत्ता, या काउंटरवर कळत होतं.

म्हणजे यंत्र खोटं बोललं नव्हतं.
त्याने हात बरोबर ओळखला होता.
तो हात पुढे घरी जातो, म्हातारा होतो,
दर चवथीला पुन्हा वाजवतो,
एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

वीस वर्षं मी नकला काढतोय.
नकलेने अस्सलाला नोटीस धाडलेली
पहिल्यांदा पाहिली.

'थोडं बदलून वाजवलंस तर?' मी विचारलं,
आणि विचारल्याबरोबर लाज वाटली.
शाणू काही बोलला नाही.
बंद यंत्राच्या झाकणावर त्याची बोटं सुरू झाली.
करंगळी आता वाकडी, पण वेळेवर येत होती,
उशीर दुसरीकडेच कुठेतरी होत होता,
मला पकडता येईना.
बाटल्यांतलं पाणी थरथरू लागलं.
'ती चूक तांचेकडेन उरूं दी,' तो म्हणाला.
'म्हजेकडेन आनीक आसात.'

'इतर'वर खूण केली.
शेवटचा रकाना: पुरावा जोडा.
त्याने खिसे चाचपले,
मग चालू यंत्राचं झाकण उचलून
काचेवर उजवा पंजा ठेवला,
त्याशेजारी डावा.

मी श्वास धरला.
हिरवा उजेड या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.
कागद बाहेर आला, गरम,
करंगळीचं टोक तेवढं
चौकटीबाहेर राहिलेलं.